खोगीर, खटका आणि तुडतुडा

१९६९ साली माल्कम बरोज या तरुण इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाचा एक शोधनिबंध एका जर्मन नियतकालिकात छापून आला. मँटिस श्रिम्प हा समुद्री प्राणी भक्ष्य टिपताना जो फटका मारतो, तो त्याला जमतो कसा, हा त्याचा विषय. यवतमाळहून कोणत्याही दिशेला निघा, पाचशे किलोमीटरच्या आत समुद्र लागत नाही. तेव्हा या निबंधाशी जिल्ह्याचा संबंध जोडणे म्हणजे ओढूनताणून जुळवलेली सोयरीक वाटेल. पण याच बरोज यांनी पुढे अडतीस वर्षांनी ज्या कीटककुळाच्या उड्या मोजल्या, त्याच कुळातला एक हिरवट किडा आर्णी, घाटंजी, राळेगाव, पांढरकवड्याच्या शिवारात दर पावसाळ्यात पऱ्हाटीच्या पानामागे बसलेला असतो. तो म्हणजे तुडतुडा. समुद्रातला तो फटका आणि पानामागची ही उडी यांच्या मुळाशी एकच युक्ती आहे. ती माणसाच्या ध्यानात यायला बराच काळ जावा लागला.

आधी त्या समुद्री प्राण्याची ओळख. नावात श्रिम्प असले तरी तो कोलंबीचा सख्खा नव्हे. कोलंबी आणि खेकडे यांच्या घराण्यापासून फार पूर्वी वेगळी झालेली ही एक शाखा आहे आणि तिच्या साडेचारशेच्या आसपास जाती आज माहीत आहेत. प्रार्थना कीटकासारखे पुढचे दोन पाय छातीशी घडी करून तो बिळाच्या तोंडाशी बसतो. या पायांवरून त्यांचे दोन वर्ग पडतात. काहींच्या पायाला काटेरी भाला असतो, ते मासे आणि कोलंबी भोसकतात. काहींच्या पायाचे टोक हातोड्यासारखे गोल आणि टणक असते, ते गोगलगाय, शिंपले, खेकडे फोडून खातात. हिंदी महासागर आणि पॅसिफिकमधल्या या प्राण्यांचा पहिला मोठा हिशेब आपल्याच देशात मांडला गेला. कोलकात्याच्या इंडियन म्युझियममधल्या संग्रहावर स्टॅन्ली केम्प यांनी १९१३ साली ग्रंथ लिहिला, आणि आजही या प्राण्यांच्या अभ्यासकांना तो उघडावा लागतो. आपल्या किनाऱ्यावर जाळ्यात येतात ते बहुतेक भालेवाले. कोलंबीसाठी ट्रॉल ओढला की हे सोबत येतात, आणि त्यांना भाव नसल्यामुळे ढिगातून वेगळे काढून फिशमीलकडे पाठवले जातात. जाळे निवडणाऱ्या हातांना त्यांची ओळख पुस्तकाआधी पटलेली असते, कारण बोट कापले जाते.

फटका जबर आहे हे सगळ्यांनाच ठाऊक होते. कोडे होते ते स्नायूचे. कोणत्याही स्नायूला एक मर्यादा असते. तो जोरात ओढू शकतो किंवा झटकन आखडू शकतो. दोन्ही एकाच वेळी पूर्ण ताकदीने करणे त्याला जमत नाही. दगड हाताने फेकला तर तो हाताच्या वेगाच्या पलीकडे जाणार नाही. तोच दगड गलोलीत घातला, रबर सावकाश ताणले आणि सोडले, तर सावकाश भरलेली सगळी ताकद क्षणात बाहेर पडते. ताकद नवी निर्माण होत नाही. तेवढीच ताकद कमी वेळात खर्च होते, एवढाच फरक. पण मग प्राण्याच्या अंगात रबर कुठे आहे, आणि ताणून धरणारा खटका कुठे?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर कीटकांकडून आले. १९६० मध्ये टॉर्केल वाइस-फॉग या डॅनिश शास्त्रज्ञाने टोळाच्या पंखाच्या सांध्यात रेझिलिन नावाचे प्रथिन शोधले. ते ताणले किंवा दाबले तर जवळजवळ सगळी ऊर्जा परत देते. १९६७ मध्ये हेन्री बेनेट-क्लार्क आणि त्यांच्या सहकाऱ्याने दाखवले की पिसवेची उडीही याच रेझिलिनच्या गोळीवर चालते: पिसू आधी ती दाबते, अडकवते, आणि एका मिलिसेकंदाच्या आसपास सुटते. इथे मुंबईची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. १८९६च्या प्लेगनंतर परळच्या प्रयोगशाळेत प्लेग कमिशनने गिनीपिगचे पिंजरे वेगवेगळ्या उंचीवर टांगून पाहिले होते. पिंजरा जमिनीलगत असला की प्राणी प्लेगने मरे, पिसवेच्या उडीच्या टप्प्याबाहेर टांगला की वाचे. म्हणजे तिच्या उडीच्या उंचीवर माणसांचे जगणे-मरणे ठरते हे मुंबईला साठ वर्षे आधी कळले होते. ती उडते कशी, हे विचारायला तेव्हा कुणाला सवड नव्हती, आणि त्याबद्दल त्यांना दोष देता येत नाही.

बरोज यांनी हाच प्रश्न मँटिस श्रिम्पला विचारला. त्यांनी अभ्यासलेल्या प्राण्यांपैकी एक कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याचा हेमिस्क्विला. त्याच्या पायाच्या स्नायूंत त्यांनी बारीक तारा घातल्या, आणि फटका बसण्याआधी कोणता स्नायू केव्हा चालतो याची नोंद घेतली. जे दिसले ते सरळ तर्काच्या उलट होते. पाय बाहेर फेकायचा असेल तर बाहेर ढकलणाऱ्या स्नायूने काम करावे आणि आत ओढणाऱ्याने सैल पडावे, असे कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात फटक्याआधी दोन्ही स्नायू एकदमच आवळत होते, आणि पाय जागचा हलत नव्हता.

हा पाय जरा जवळून पाहू. त्याच्या वरच्या जाड पेरात एक मोठा, मंद पण भक्कम स्नायू भरलेला असतो, तो पाय बाहेर ढकलणारा. त्याच्या शेजारी आत ओढणारा लहानसा स्नायू. या लहान स्नायूच्या कंडरेला चुन्याने कडक झालेल्या दोन छोट्या चकत्या असतात. लहान स्नायू आवळला की त्या चकत्या पेराच्या आतल्या एका उंचवट्यावर जाऊन अडकतात. हाच तो खटका. तो बसला की मोठा स्नायू निवांत, मिलिसेकंदांच्या शेकड्यांत, ओढत राहतो. पाय सुटत नाही, त्यामुळे पेराचे कवचच वाकते आणि ताणले जाते. मग लहान स्नायू सैल पडतो, चकत्या निसटतात, आणि वाकलेले कवच पूर्ववत होताना पाय भिरकावून देते. बलाढ्य स्नायूला पाय सोडायला लहान स्नायूची परवानगी लागते, ही मला या यंत्रणेतली सर्वांत देखणी गोष्ट वाटते. १९७२ मध्ये बरोज आणि ग्रॅहम हॉईल यांनी याच स्नायूंवर आणखी काम केले. आणि मग हा विषय थंडावला. फटका किती वेगाचा आहे हे मोजायला कॅमेरेच पुरे पडत नव्हते. साध्या चित्रपटाच्या कॅमेऱ्यात एका फ्रेममध्ये पाय आत असे, पुढच्या फ्रेममध्ये बाहेर.

पुढची तीस वर्षे हे प्राणी जिवंत सांभाळून त्यांच्या सवयी टिपण्याचे काम बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात रॉय कॉल्डवेल करत राहिले. बिळांवरून होणारी भांडणे, एकमेकांना दिलेल्या धमक्या, शेपटीच्या ढालीवर झेललेले वार, हे सगळे त्यांनी नोंदवले. त्यांच्याच प्रयोगशाळेत शीला पटेक आल्या. अतिवेगवान कॅमेरा भाड्याने घेणे विद्यापीठाला परवडणारे नव्हते. बीबीसीच्या चमूला हे प्राणी चित्रित करायचे होते, त्या निमित्ताने तो मिळाला. सेकंदाला हजारो फ्रेम टिपणाऱ्या त्या चित्रणात पहिल्यांदा फटका दिसला. पाहुणा होता पीकॉक मँटिस श्रिम्प, मोरासारखा रंगीत हातोडेवाला.

२००४ साली 'नेचर'मध्ये पटेक, त्यांचे सहकारी कॉर्फ आणि कॉल्डवेल यांनी आकडे जाहीर केले. हातोड्याचा कमाल वेग सेकंदाला १४ ते २३ मीटर, म्हणजे वरची मर्यादा ताशी ८० किलोमीटरच्या पुढे, आणि तोही पाण्यात. सगळा फटका सरासरी २.७ मिलिसेकंदांत संपतो. डोळ्याची पापणी लवायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो. त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या दहा हजार पटीपर्यंत. एक किलो स्नायूमागे जेवढी शक्ती लागली असती ती काढली, तर आकडा चार लाख सत्तर हजार वॉटच्या घरात गेला. जगातला कोणताही स्नायू याच्या जवळपासही जाऊ शकत नाही. बरोज यांनी दाखवलेली गलोल त्यामुळे तर्काची बाब उरली नाही. या निबंधात पटेक यांनी एक आणखी गोष्ट पुढे आणली. त्या वरच्या पेराच्या पाठीवर कवचाचा एक तुकडा असा वाकलेला आहे की एका दिशेने खोलगट आणि आडव्या दिशेने फुगीर, नेमका घोड्याच्या खोगिरासारखा. गणितात या आकाराला अतिपरवलयिक परवलयज असे भारदस्त नाव आहे. पातळ पत्र्याला हा आकार दिला की तो न तुटता बराच भार सोसतो, म्हणून वास्तुविशारदांना तो आवडतो. तेव्हापासून खोगीर हीच मँटिस श्रिम्पची स्प्रिंग, असे लेखांत, चित्रफितींत, पाठ्यपुस्तकांत रूढ झाले.

चित्रणात आणखी एक अनपेक्षित गोष्ट निघाली. हातोडा गोगलगायीच्या शंखावर आदळून मागे सरला की दोघांच्या मध्ये एक चमकणारा बुडबुडा दिसे आणि लगेच फुटे. पाण्यात एखादी वस्तू फार वेगाने हलली की तिच्या मागे दाब इतका घसरतो की पाण्याची वाफ होते. ते बुडबुडे कोसळताना भयंकर ऊर्जा सोडतात. जहाजांचे पंखे यामुळेच झिजतात आणि १९१७ मध्ये लॉर्ड रॅले यांनी या बुडबुड्याचे गणित मांडले होते. २००५ मध्ये पटेक आणि कॉल्डवेल यांनी बलमापक लावून पाहिले तेव्हा प्रत्येक फटक्याचे दोन शिखर-आकडे आले. पहिला हातोड्याचा, जास्तीत जास्त सुमारे १५०० न्यूटन. त्यानंतर अर्ध्या मिलिसेकंदाच्या आतच दुसरा, बुडबुड्याचा. म्हणजे हातोडा चुकला तरी शंखाला धक्का बसतोच. हातोड्यालाही तो बसतो. कात टाकली की नवा हातोडा येतो, म्हणून या प्राण्याचे भागते.

२००९ मध्ये पटेक यांच्याच गटाने खोगिराची कथा दुरुस्त केली. त्यांनी पेराचे भाग पाळीपाळीने कापून उरलेला भाग किती ताण सोसतो हे मोजले. खोगीर कापल्यावर स्प्रिंगची ताकद थोडीच घटली. मुख्य साठा निघाला पेराच्या खालच्या अंगाला असलेल्या कडक पट्ट्यांत. खोगीर त्यांना जोडणारा, वाकू देणारा भाग. पाच वर्षांपूर्वी स्वतःच जगाला दिलेले सुंदर चित्र स्वतःच्याच सुरीने कापून पाहायला मन लागते. गंमत अशी की दुरुस्ती 'नेचर'इतकी गाजली नाही, आणि लोकप्रिय लेखनात आजही खोगीरच स्प्रिंग म्हणून मिरवते आहे.

त्यापुढचे धावते सांगतो. २०१२ मध्ये डेव्हिड किसेलस आणि सहकाऱ्यांनी हातोड्याच्या आतले तंतू थरावर थर थोडे थोडे फिरवून रचलेले असतात आणि भेग त्यामुळे सरळ धावू शकत नाही, असे दाखवले. विमानाच्या साहित्यवाल्यांनी ते लगेच उचलले. २०२१ मध्ये हार्वर्डच्या गटाने दीड ग्रॅमचा यंत्र-हातोडा बनवून दाखवला की चकत्या सुटल्यावरही पायाची भूमिती क्षणभर दुसऱ्या खटक्यासारखी वागते. २०२५ मध्ये 'सायन्स'मधल्या निबंधाने हेच थर आघाताच्या काही ध्वनिलहरी गाळून टाकतात असे सांगितले. संरक्षण खात्यांचा पैसा या संशोधनात आहे हे लपवायचे कारण नाही. चिलखत बनवणाऱ्यांना हा प्राणी आवडणारच.

बरोज मात्र तोवर समुद्र सोडून गवतात गेले होते. केंब्रिजमध्ये प्राध्यापक असताना त्यांनी उड्या मारणाऱ्या किड्यांमागे अतिवेगवान कॅमेरा लावला. २००३ मध्ये त्यांनी फ्रॉगहॉपर या थुंकीसारख्या फेसात वाढणाऱ्या किड्याची उडी मोजली: एका मिलिसेकंदाच्या आत सुटणारी, स्वतःच्या वजनाच्या चारशे पट जोर लावणारी. पिसवेचा विक्रम मोडला. छातीतला मोठा स्नायू आवळतो, मागचे पाय अडकलेले राहतात, कवच आणि रेझिलिनची एक कमान वाकते, पाय सुटतात. १९६९ ची तीच रीत. २००७ मध्ये त्यांनी तुडतुड्यांचे कुळ घेतले, सिकॅडेलिडी. त्यातल्या एका युरोपीय जातीची सर्वोत्तम उडी २.७५ मिलिसेकंदांत सेकंदाला २.९ मीटर वेग गाठते. फ्रॉगहॉपरपेक्षा वेग कमी, कारण यांचे मागचे पाय लांब. पण लांब पायांना जमीन अधिक वेळ ढकलता येते, म्हणून नाजूक पानावर जोर पसरून पडतो. २०१३ मध्ये बरोज आणि ग्रेगरी सटन यांनी इसस नावाच्या किड्याच्या पिलाच्या मांडीच्या मुळाशी चक्क दातेरी चाके दाखवली. दोन्ही पाय एकाच क्षणी सुटावेत म्हणून निसर्गाने केलेली ती व्यवस्था. प्रौढ होताना चाके गळून जातात. आणि २०१७ मध्ये, बरोज सहलेखक असलेल्या एका निबंधात, तुडतुड्यांच्या कुळातले किडे गुळगुळीत पानावरून न घसरता उडतात कसे याचे उत्तर आले: मागच्या पावलांना बारीक मऊ चकत्या असतात, त्या क्षणभर घट्ट चिकटतात.

२०१७ हे साल यवतमाळला वेगळ्या कारणाने लक्षात आहे. त्याआधी आपल्या तुडतुड्याकडे वळू.

कापसावरचा हा तुडतुडा शास्त्रात शिरला तो इशिदा या जपानी कीटकशास्त्रज्ञाच्या तैवानमधल्या कामातून, १९१३ साली. केम्प यांचा ग्रंथही त्याच वर्षीचा. जेमतेम तीन मिलिमीटरचा, पाचरीच्या आकाराचा, पंखांच्या टोकाशी प्रत्येकी एक काळा ठिपका. ऑगस्टमध्ये पऱ्हाटीचे पान हलकेच उलटा. शिरांलगत फिकट हिरवी पिल्ले दिसतात, पंख नसलेली, पानावर तिरकी खेकड्यासारखी सरकणारी. प्रौढ दिसेल न दिसेल तोच गेलेला असतो. रस शोषताना तो लाळेतून पानाला बाधा करतो. आधी कडा पिवळ्या पडतात, पान वाटीसारखे खाली वळते, मग तांबूस होते. शेतकरी याला लाल्या म्हणतो, जरी लाल्यामागे मॅग्नेशियमच्या कमतरतेसारखी दुसरीही कारणे असतात.

वऱ्हाडात कापूस जुना, पण तुडतुड्याची डोकेदुखी तेवढी जुनी नाही. १८६१ ते १८६५च्या अमेरिकी यादवीत मँचेस्टरला कापूस मिळेना तेव्हा वऱ्हाडाकडे सगळ्यांचे डोळे लागले. तेव्हाच्या यवतमाळ भागात, ज्याचा जिल्हा १९०५पर्यंत वणी या नावाने ओळखला जाई, देशी वाण होते. आखूड धाग्याचे, पण रसशोषक किडींना बऱ्यापैकी दाद न देणारे. लांब धागा हवा म्हणून परक्या अमेरिकी जातींचे बियाणे पुन्हा पुन्हा आणले गेले. शकुंतला रेल्वे यवतमाळहून मूर्तिजापूरला गाठी वाहू लागली, जिनिंग उभी राहिली, आणि धाग्याच्या लांबीला भाव मिळत गेला. १९७० मध्ये सुरतच्या सी. टी. पटेल यांनी एच-४ हा जगातला पहिला व्यापारी संकरित कापूस दिला; पुढे नांदेडचा एनएचएच-४४ विदर्भात घरोघर झाला. २००२ मध्ये बीटी कापूस आला. बीटीतले प्रथिन अळीला मारते, तुडतुड्याला त्याची झळ लागत नाही. त्यातल्या अनेक संकरित वाणांचे अंगच रसशोषक किडींना नाजूक होते. बियाण्याला लावलेले औषध सुरुवातीचे काही आठवडे सांभाळी, मग फवारणी. देशी वाण बांधावरूनही दिसेनासे झाले. दहा वर्षांत जिल्ह्यातली पऱ्हाटी जवळजवळ सगळी बीटी झाली.

२०१७च्या पावसाळ्यात पऱ्हाटी माणसाच्या डोक्यापर्यंत वाढली होती. किडींचा जोर होता, शेंदरी बोंडअळी परतली होती. दोन-तीन औषधे एकत्र कालवून, उंच दाट पिकात, तोंडाच्या पातळीवर नळी धरून फवारणी चालली. वारा उलटा आला की फवारा अंगावर. जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत जिल्ह्यात विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेकडो रुग्णालयात गेले, कित्येकांची दृष्टी अंधूक झाली. राज्य सरकारने विशेष तपास पथक नेमले. मरणाऱ्यांत बहुतेक रोजंदारीवर पंप पाठीवर घेणारे होते. पानामागे बसलेल्या तीन मिलिमीटरच्या किड्याला गाठायचे म्हणून खालून वर फवारावे लागते, आणि तो हात लागायच्या आधी उडतो, हे फवारणाऱ्याला कुणी सांगावे लागत नाही. त्याच वर्षी केंब्रिजच्या संशोधकांचा त्याच्या भाईबंदांच्या पावलांवरचा निबंध छापून आला होता. या दोन गोष्टी एकमेकींना कधीच भेटल्या नाहीत. उडीचे शास्त्र करणाऱ्यांना पिकाशी देणेघेणे नव्हते आणि औषधांच्या दुकानात किड्याची उडी कुणाच्या हिशेबात नव्हती. हे माझे मत, आणि त्यात मी केंब्रिजपेक्षा आपल्याकडच्यांना जास्त जबाबदार धरतो.

खरे तर उपाय उडीच्या वाटेला न जाता सापडलेला होता. १९२०च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत बार्बर्टन इथे एफ. आर. पार्नेल यांनी पाहिले की पानांवर लांब आणि दाट केस असलेल्या झाडांना तिथला तुडतुडा त्रास देत नाही. अंडी घालायला आणि पिल्लांना सोंड खुपसायला केसांची अडचण होते. त्यांनी निवडलेले यू-४ वाण आफ्रिकेत दूरवर पसरले. भारतातही हा गुण वापरला गेला. पण केसाळ पानाची दुसरी बाजू आहे. पांढऱ्या माशीला ते आवडते, आणि वेचणीत पानांचा चुरा धाग्याला चिकटतो, तो जिनिंगवाल्यांना नको असतो. म्हणून केसाळपणाचे पारडे कधी वर, कधी खाली होत राहिले.

२०२३ मध्ये हाच तुडतुडा कॅरिबियनमधल्या पोर्तो रिको बेटावर सापडला, २०२४ मध्ये फ्लोरिडात, आणि २०२५ च्या हंगामात अमेरिकेच्या आग्नेय राज्यांतल्या कापसात पसरला. तिथल्या कृषी विस्तार अधिकाऱ्यांनी शेतकऱ्यांना पानामागची पिल्ले मोजायला शिकवायला सुरुवात केली आहे. आपल्याकडे हा मोजणीचा सल्ला कित्येक वर्षे छापील आहे: पानामागे सरासरी दोन-तीन तुडतुडे दिसेपर्यंत पंप बाहेर काढू नये.